गावात नव्याने राहायला आलात? मतदार यादीत नाव लावण्यापासून मत देईपर्यंत

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका लहान गावात प्राथमिक शाळेत शिकवत असताना मी काही वर्षे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे सगळे ज्याला ‘बीएलओ’ म्हणतात त्याचे, काम केले. एका मतदानाच्या दिवशी दोडामार्गहून लग्न होऊन आमच्या गावात आलेली एक तरुण स्त्री उन्हात तासभर रांगेत उभी राहिली आणि टेबलापाशी पोहोचल्यावर तिचे नाव यादीत नसल्याचे तिला समजले. तिच्या हातात मतदार ओळखपत्र होते, ते खरे होते, फोटोही तिचाच होता. परंतु ते माहेरच्या पत्त्याचे होते आणि नाव अजूनही महाराष्ट्रातील यादीतच होते. ‘कार्ड आहे ना माझ्याकडे?’ हा तिचा प्रश्न पुढील वर्षांत मी अनेकांच्या तोंडून ऐकला. त्या प्रश्नाचे उत्तर हाच या लेखाचा पाया आहे : ओळखपत्र केवळ तुमची ओळख पटवते, मताचा अधिकार मात्र यादीतील नावामुळे मिळतो. ज्याचे नाव त्या केंद्राच्या यादीत आहे तो ओळखपत्र हरवलेले असले तरी दुसरा ग्राह्य पुरावा दाखवून मत देऊ शकतो. ज्याचे नाव यादीत नाही त्याला ओळखपत्र असूनही परतावे लागते.

गोव्यात विधानसभेच्या ४० आणि लोकसभेच्या २ जागा आहेत. आमच्या सत्तरीतील पर्ये आणि वाळपई हे दोन्ही मतदारसंघ उत्तर गोवा लोकसभा मतदारसंघात मोडतात. ग्रामीण भागात १९१ पंचायती आहेत आणि त्यांच्यावर उत्तर व दक्षिण अशा दोन जिल्हा पंचायती आहेत. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, तर पंचायत, जिल्हा पंचायत आणि पालिकांच्या निवडणुका गोवा राज्य निवडणूक आयोग घेतो. हे दोन वेगळे आयोग आहेत हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक चुकीच्या दारात तक्रार घेऊन जातात. नाव नोंदवण्यासाठी मात्र दोन वेगळे अर्ज करावे लागत नाहीत. विधानसभेच्या मतदार यादीत नाव असले की तीच यादी प्रभागवार विभागून पंचायत निवडणुकीसाठी वापरली जाते. म्हणून सर्व लक्ष प्रथम विधानसभेच्या यादीवर द्यावे. विधानसभा आणि बहुतेक पंचायती २०२२ साली पाच वर्षांसाठी निवडल्या गेल्या असल्याने २०२७ मध्ये दोन्ही निवडणुका येणार आहेत, आणि नावाची तजवीज त्याच्या बरीच आधी व्हायला हवी.

कोणाचे नाव लागू शकते

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार अर्जदार भारतीय नागरिक असावा, अर्हता दिनांकाला, म्हणजे वय मोजण्यासाठी ठरलेल्या दिवशी, त्याचे वय १८ वर्षे पूर्ण असावे आणि तो त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा. मतदानाचे वय पूर्वी २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १९८९ पासून १८ झाले. २०२१ च्या दुरुस्तीपूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक असल्यामुळे फेब्रुवारीत अठरा वर्षांचा झालेला मुलगा जवळजवळ वर्षभर ताटकळत असे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. बारावीची मुले घरात असतील तर पालकांनी हा अर्ज त्याच वर्षी भरून घ्यावा, कारण पुढे मूल शिक्षणासाठी फर्मागुडीला, पणजीला किंवा गोव्याबाहेर गेले की हे काम मागे पडते.

‘सर्वसाधारण रहिवासी’ या दोन शब्दांवर गोव्यातील गावांत जितके वाद होतात तितके अन्य कशावरही होत नसावेत. कायद्याचा आशय असा की केवळ घर किंवा जमीन नावावर आहे एवढ्यावरून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. त्याच वेळी, काही काळ घराबाहेर असलेला माणूस तेवढ्यामुळे रहिवासी नाही असेही होत नाही. म्हणजे मुंबईत कायमचा स्थायिक झालेला आणि केवळ चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावचे घर उघडून गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधणारा चाकरमानी गावाशी कितीही जोडलेला असला तरी त्याचे नाव मुंबईच्या यादीत असायला हवे. उलट जहाजावर नोकरी करणारा तारवटी सहा-आठ महिने समुद्रावर असतो, परंतु त्याचे बिऱ्हाड गावात असते आणि तो परत तेथेच येतो. त्याचे नाव केवळ गैरहजेरीमुळे वगळणे योग्य नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी एका ठिकाणी नाव ठेवता येते. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगारही त्या गावचा रहिवासी असू शकतो. ‘हे आमच्या गावचे नव्हेत’ असे सांगून कोणी बीएलओला त्याचा अर्ज घेण्यापासून परावृत्त करू पाहिले तर त्याला कायद्याचा आधार नाही. गावकीचे मान देवळात असतात आणि ते आपापल्या जागी योग्यच आहेत, परंतु मतदार यादीत गावकर, म्हणजे गावची मूळ घराणी, आणि बिगर-गावकर असा भेद नाही.

परदेशी गेलेल्यांबाबत एक गोष्ट गोव्यात विशेष काळजीने सांगावी लागते. नोकरीसाठी आखातात किंवा अन्यत्र राहणारा, परंतु भारतीय नागरिकत्व न सोडलेला माणूस नमुना ६ अ भरून आपल्या पासपोर्टवरील भारतातील पत्त्यावर नाव लावू शकतो. मतदानासाठी त्याला प्रत्यक्ष यावे लागते आणि केंद्रावर मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे, उदाहरणार्थ पोर्तुगालचे, नागरिकत्व घेतले आहे तो मात्र भारतीय नागरिक राहत नाही, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी त्याला मतदानाचा अधिकार नसतो. अशा व्यक्तीचे जुने नाव यादीत राहिले असेल तर घरच्यांनीच ते कमी करून घेणे उचित आहे.

अर्ज कोणता

नावासंबंधी चार अर्ज लक्षात ठेवले की पुरे : प्रथमच नाव नोंदवण्यासाठी नमुना ६, परदेशस्थ नागरिकांसाठी ६ अ, नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी ७, आणि दुरुस्ती, पत्ता बदल, नवे ओळखपत्र किंवा दिव्यांग म्हणून नोंद या सर्वांसाठी ८. यांपैकी ६ आणि ८ यांतील गल्लत सर्वांत अधिक होते व तीच सर्वांत महागात पडते.

वर सांगितलेल्या तरुणीप्रमाणे ज्यांचे नाव आधीच भारतात कोठेही नोंदलेले आहे त्यांनी नमुना ६ भरू नये. मग ते नाव डिचोलीतील असो, सावंतवाडीतील असो वा बेळगावातील. त्यांच्यासाठी नमुना ८ मधील ‘निवासस्थान बदल’ हा पर्याय आहे. त्यात जुना ओळखपत्र क्रमांक लिहिल्यामुळे नाव नव्या यादीत येते आणि जुन्या यादीतून निघते. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. नमुना ६ मध्ये ‘माझे नाव यापूर्वी कोठेही नोंदलेले नाही’ अशा अर्थाचे प्रतिज्ञापन असते. घाईने तोच अर्ज भरला की नाव दोन ठिकाणी राहते, आणि एकाहून अधिक मतदारसंघांत नाव असण्यास कायद्याने मनाई आहे. अर्जात जाणूनबुजून खोटे प्रतिज्ञापन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लोक हे बहुधा लबाडीने करत नाहीत. अर्ज भरून देणाऱ्या ओळखीच्या कार्यकर्त्याने हाताशी असलेला नमुना पुढे केलेला असतो. म्हणून अर्ज कोणीही भरून देवो, सही करण्यापूर्वी तो स्वतः वाचावा, आणि वाचता येत नसल्यास घरातील शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

नमुना ६ बरोबर अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा असतो. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, जन्मतारीख असलेले दहावी किंवा बारावीचे प्रमाणपत्र अथवा पासपोर्ट चालतो. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, आधार, बँक वा टपाल खात्याचे पासबुक, पासपोर्ट, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा नोंदणीकृत विक्रीखत चालते. बिल अर्जदाराच्या नावावरच असले पाहिजे असे नाही. त्याच पत्त्यावर मतदार म्हणून नोंदलेले आई, वडील, पती, पत्नी किंवा सज्ञान मुलगा-मुलगी यांच्या नावावरील पुरावाही देता येतो. आधार क्रमांक मागितला जातो, परंतु पुरेशा कारणामुळे तो देता आला नाही एवढ्यावरून अर्ज नाकारला जाऊ नये, असे कायद्यातच म्हटले आहे.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात आमच्याकडील कितीतरी मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची, घरे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत आहेत, वीजजोडणी आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झाली आहेत. घरमालक भाडेकरार नोंदणीकृत करून देत नाही. बागायतीत किंवा काजूच्या भट्टीवर कामाला राहिलेल्या कुटुंबाकडे तर कुठलेच बिल नसते. अशा वेळी पुष्कळ जण ‘आपल्याकडे कागद नाहीत’ म्हणून अर्जच करत नाहीत, आणि ते मला नेहमी लागून राहते, कारण तसे करण्याची गरज नसते. यादीतील कोणताच पुरावा नसेल तर हाताशी असलेला अन्य कागद जोडून अर्ज करावा. त्या वेळी प्रत्यक्ष स्थळपाहणी करून निवास पडताळणे हे यंत्रणेचे काम आहे. ज्याला घरच नाही त्याच्या बाबतीतही तो सांगतो त्या जागी रात्री खरोखर झोपतो का, हे बीएलओने जाऊन पाहायचे असते. शेजाऱ्यांनी त्या वेळी खरे ते सांगितले तर ती मोठी मदत ठरते.

दुसरी अडचण नावाच्या लेखनाची आहे. गोव्यात एकाच घरातील तीन माणसांचे आडनाव रोमी लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते : आजोबांच्या जन्मनोंदणीत पोर्तुगीज वळणाचे, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात इंग्रजी वळणाचे आणि नातवाच्या आधारवर तिसरेच. नाईक, परब, गावकर, शेट्ये ही नावे देवनागरीत जेवढी सरळ तेवढीच रोमी लिपीत फसवी आहेत. त्यात कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे येत नाही, कुठे वाड्याचे नावच आडनाव झालेले असते. माझा सल्ला असा की जो कागद तुम्ही मतदानाच्या दिवशी बरोबर नेणार आहात त्यावरील लेखन अर्जात वापरावे, आणि पहिले ओळखपत्र हाती येताच प्रत्येक अक्षर, जन्मतारीख, नात्याचे नाव व लिंग तपासून चूक असेल तर त्याच आठवड्यात नमुना ८ द्यावा. किरकोळ स्पेलिंगची चूक असली आणि माणूस तोच असल्याची खात्री पटली तर मतदान अडवले जात नाही. पण टेबलावर वाद घालण्यापेक्षा आधी दुरुस्ती केलेली बरी.

घर क्रमांकाकडेही दुर्लक्ष करू नये. पंचायतीने दिलेला क्रमांक आणि वाड्याचे नाव दोन्ही लिहावे. क्रमांक चुकला की यादीत एकाच कुटुंबाची माणसे दोन पानांवर विखुरतात आणि पंचायत प्रभाग पाडताना त्यांतील एखाद्याचे नाव ओहोळापलीकडच्या प्रभागात जाऊन बसते.

अर्ज कोठे द्यावा आणि नंतर काय होते

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा मोबाईल अ‍ॅपवर भरता येतो. ज्या वाड्यावर नेटवर्क मिळत नाही तेथील माणसाने तो कागदावर भरून आपल्या केंद्राच्या बीएलओकडे किंवा तालुक्याच्या मामलेदार कार्यालयात द्यावा. आपला बीएलओ कोण हे शाळेत, अंगणवाडीत किंवा पंचायतीत विचारल्यास कळते. १९५० हा मदत क्रमांकही आहे. अर्जासाठी कोणतेही शुल्क नाही. पोचपावती मात्र अवश्य घ्यावी, कारण तिच्यावरील संदर्भ क्रमांकावरूनच पुढे अर्जाचा माग काढता येतो. मी स्वतः एकदा नव्या पत्त्यावर नाव हलवण्यासाठी दिलेला अर्ज एका कार्यालयात गहाळ झाला होता, आणि पावती जपून ठेवलेली नसल्यामुळे मला सगळे पुन्हा प्रथमपासून करावे लागले.

त्यानंतर आलेल्या अर्जांची यादी हरकतींसाठी सात दिवस जाहीर केली जाते, बीएलओ घरी येऊन पडताळणी करतो आणि मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. पडताळणीच्या वेळी घर बंद असणे हे अर्ज रखडण्याचे मोठे कारण आहे. कामाला लवकर जाणाऱ्यांनी शेजारी निरोप ठेवावा आणि मोबाईल क्रमांक अर्जात बरोबर लिहावा. बीएलओ बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा सरकारी कर्मचारी असतो, स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करतो आणि पावसात, चढणीच्या वाटेने घरोघरी फिरतो. त्याला दोनदा परत पाठवू नये ही माझी मनापासूनची विनंती आहे. अर्ज नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिले आणि त्यांच्या निर्णयानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, कारण उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीसाठी यादीत बदल करता येत नाही आणि त्याआधीच्या पडताळणीलाच आठ-दहा दिवस लागतात.

नाव एकदा लागले की कायम राहील असे धरून चालू नये. गोव्यात ४ नोव्हेंबर २०२५ पासून मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले, घरोघरी गणना अर्ज दिले गेले, २००२ च्या यादीशी नावे जुळवून पाहिली गेली आणि १६ डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत आधीपेक्षा सुमारे एक लाख नावे कमी होती. त्यांतील अनेक नावे मृतांची, कायमची गाव सोडून गेलेल्यांची किंवा दुबार होती. पण अर्ज परत न दिल्यामुळे नाव गेलेली माणसेही अशा वेळी असतातच. म्हणून या गावात तुम्ही जुने असा की नवे, सध्याच्या यादीत आपले नाव स्वतः शोधून पाहा. ओळखपत्र क्रमांक टाकला की संकेतस्थळावर भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्र दिसते. नाव दिसले नाही तर नमुना ६ आणि त्यासोबत मागितले जाणारे घोषणापत्र भरून द्यावे.

घरात कोणाचे निधन झाले तर त्याचे नाव नमुना ७ भरून वगळून घ्यावे. दुःखात हे सुचत नाही हे मी जाणतो, तरी वर्षश्राद्धापर्यंत ते व्हावे. मृताचे नाव यादीत राहिले की त्या नावावर कोणी तोतया उभा राहण्याची शक्यता उरते. नमुना ७ चा दुरुपयोगही होतो. जिवंत आणि हजर माणसाचे नाव राजकीय आकसाने वगळण्यासाठी कोणी हरकत घेतल्यास त्या माणसाला नोटीस येते आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळते. अशी नोटीस आली तर घाबरू नये आणि ती बाजूलाही ठेवू नये. दिलेल्या दिवशी कागद घेऊन हजर राहावे.

एका नावाने काय होते असे विचारणाऱ्यांना मी २०२२ च्या विधानसभा निवडणुकीचे दोन निकाल सांगतो : फोंड्यात विजयी उमेदवाराचे मताधिक्य ७७ होते आणि सांत आंद्रेत ७६. आमच्या एका वाड्यावर त्याहून अधिक मतदार आहेत. पंचायत प्रभागात तर दोन-चार मतांनी पंच ठरतो, आणि मते समान पडली तर चिठ्ठी टाकावी लागते.

मतदानाच्या दिवशी

मतदानाच्या काही दिवस आधी बीएलओ मतदार माहिती चिठ्ठी घरी आणून देतो. तिच्यावर केंद्र, भाग आणि अनुक्रमांक असतो. ती बरोबर ठेवावी, मात्र ती ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ओळखीसाठी मतदार ओळखपत्र न्यावे. ते नसल्यास आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँकेचे किंवा टपालाचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रे, सरकारी नोकरीचे ओळखपत्र किंवा दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड यांपैकी काही न्यावे. मोबाईल घरी ठेवावा किंवा केंद्राबाहेर सोय केलेली असेल तेथे जमा करावा. आत नेता येत नाही. खासगी कारखान्यात किंवा हॉटेलात काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुटी देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

केंद्रात प्रथम एक अधिकारी यादीत नाव शोधून ते मोठ्याने वाचतो. हे ऐकून नवख्या माणसाला ओशाळल्यासारखे होते, परंतु समोर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ओळख पटावी किंवा आक्षेप घेता यावा म्हणून ते केले जाते. दुसरा अधिकारी नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो आणि चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी घेऊन तिसरा अधिकारी यंत्र सुरू करतो. मग आडोशामागे जाऊन आपल्या उमेदवारासमोरील निळे बटण दाबावे. शेजारी लाल दिवा लागतो, बाजूच्या यंत्राच्या काचेत उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असलेला कागद सात सेकंद दिसून खाली पडतो आणि लांब आवाज येतो. हा कागद दाखवणारे यंत्र २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत गोव्याच्या सर्व मतदारसंघांत वापरले गेले आणि संपूर्ण राज्यभर ते वापरणारे गोवा हे देशातील पहिले राज्य ठरले. ते सात सेकंद घाई न करता पाहावेत. कोणताच उमेदवार मान्य नसेल तर सर्वांत शेवटी ‘नोटा’चे बटण आहे.

कधी असे घडते की तुम्ही पोहोचता आणि तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलेले असते. त्या वेळी रागाने निघून जाऊ नये. केंद्राध्यक्षांना आपली ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागावे; ते यंत्रावर न होता वेगळ्या मतपत्रिकेवर होते आणि बंद पाकिटात ठेवले जाते. हा तुमचा हक्क आहे आणि तोतयेगिरीची नोंदही त्यामुळेच राहते. तसेच गैरहजर, स्थलांतरित आणि मृत अशा मतदारांची एक निराळी यादी केंद्रावर असते. गावाबाहेर असताना तुमचे नाव तीत गेले असेल तर मतदान नाकारले जात नाही, फक्त ओळखीची तपासणी अधिक काटेकोरपणे होते.

८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेसाठी घरून मत देता येते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ ड भरून द्यावा लागतो आणि मग पथक घरी येते. ज्यांना दिसत नाही किंवा स्वतः बटण दाबता येत नाही त्यांना १८ वर्षांवरील सोबती नेता येतो. तो सोबती त्या दिवशी एकाच मतदाराला साहाय्य करू शकतो. म्हातारीच्या मागे आत जाऊन ‘मी सांगतो तिथे दाब’ म्हणणारा नातेवाईक हा सोबती नव्हे. मत गुप्त आहे, घरातील माणसांपासूनही, आणि नव्याने आलेल्या सुनेला हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. मतासाठी पैसे किंवा वस्तू देणे जसा गुन्हा आहे तसाच त्या घेणे हाही गुन्हा आहे.

पंचायतीचे मतदान निराळे कसे

पंचायतीत तुम्ही सरपंचाला थेट मत देत नाही. आपल्या प्रभागातील पंच निवडता, आणि निवडून आलेले पंच आपल्यातून सरपंच निवडतात. ही निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. प्रत्येक उमेदवाराला राज्य निवडणूक आयोगाच्या यादीतील स्वतंत्र चिन्ह मिळते. त्यामुळे विधानसभेच्या सवयीने चिन्ह शोधणारा मतदार गोंधळतो. उमेदवाराचे चिन्ह आधी पाहून ठेवावे. प्रभागांच्या सीमा आणि आरक्षण बदलू शकतात, म्हणून मागच्या वेळी ज्या प्रभागात मत दिले तोच या वेळीही असेल असे नाही. प्रभागवार प्रारूप यादी जाहीर झाली की ती पंचायतीत किंवा मामलेदार कार्यालयात जाऊन पाहावी आणि नाव भलत्या प्रभागात असेल तर हरकतीच्या मुदतीतच लेखी कळवावे. मुदत टळल्यावर पंच, सरपंच किंवा आमदार कोणीही ते बदलून देऊ शकत नाही.

१० ऑगस्ट २०२२ रोजी १८६ पंचायतींचे मतदान झाले ते यंत्रावर नव्हे तर कागदी मतपत्रिकेवर, आणि भर पावसात. ज्यांनी केवळ यंत्रच पाहिले आहे त्यांना मतपत्रिकेची रीत सांगणे आवश्यक आहे. मतपत्रिका मिळाली की आडोशामागे जाऊन तेथे ठेवलेला शिक्का एकाच उमेदवाराच्या चिन्हासमोर, त्याच्या चौकटीच्या आत, एकदाच उमटवावा. पेनाने खूण करू नये, सही करू नये, अंगठा उठवू नये. मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण असली तर मत बाद होते. दोन चौकटींच्या रेषेवर शिक्का पडला तर मत कोणाचे हे ठरत नाही आणि तेही बाद होते. शिक्क्याची शाई क्षणभर वाळू द्यावी, मग मतपत्रिकेची आधी उभी आणि नंतर आडवी घडी घालावी, म्हणजे ओली शाई वरच्या किंवा खालच्या उमेदवाराच्या चौकटीवर उमटत नाही, आणि केंद्राध्यक्षांसमोर ती स्वतःच्या हाताने पेटीत टाकावी.